गोडी लावणें आणि गोडी लागणें

कांहीं गोष्टी लावतां येतात आणि कांहीं केवळ लागतात. दिवा लावतां येतो, झाड लावतां येतें, दारास कडी लावतां येते; परंतु भूक, तहान, झोंप यांना कोणी लावूं शकत नाहीं, त्या आपल्या वेळीं लागतात. 'गोडी' हा शब्द मात्र आपण दोन्ही क्रियापदांशीं सारख्याच सहजतेनें जोडीत आलों आहों. मुलाला वाचनाची गोडी लागली असें आपण म्हणतों, आणि मुलाला वाचनाची गोडी लावली पाहिजे असेंहि म्हणतों. 'लागली' आणि 'लावली' यांत एका अक्षराचा फरक आहे. परंतु विज्ञानशिक्षणांतील एक मोठा नैतिक प्रश्न त्या एका अक्षरांत दडलेला आहे, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. तो प्रश्न वाचकांपुढें मांडण्यापूर्वीं तो आमच्यापुढें कसा उभा राहिला हें सांगणें अवश्य आहे. कारण त्यांत आमच्या स्वतःच्या एका अपराधाची कबुली आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमचे एक जुने विद्यार्थी भेटावयास आले. ते आतां एका कारखान्यांत मोठ्या हुद्द्यावर इंजिनियर आहेत आणि त्यांची कन्या सातवींत शिकते. फराळ झाल्यावर त्यांनीं येण्याचें कारण सांगितलें. "सर, मुलीला विज्ञानाची गोडी लावायची आहे. आमच्याकडे रोबो शिकवणारा एक वर्ग आहे आणि रॉकेट उडवून दाखवणारा दुसरा आहे. कोणत्या वर्गांत घालूं?" प्रश्न सरळ होता, आणि हल्लीं तो अनेक सुशिक्षित घरांत विचारला जातो. आम्हीं विचार करून सांगतों म्हटलें. निरोप घेतांना ते हंसून म्हणाले, "तुम्हीं प्रयोगशाळेंत सांगितलेलं नऊ पूर्णांक आठ मला अजून पाठ आहे, बरं का!" हें ते कृतज्ञतेनें बोलले. आम्हांस मात्र त्या रात्रीं बराच वेळ झोंप लागली नाहीं.

गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वींची. अकरावीच्या वर्गाचा प्रयोग होता: साध्या लंबकाच्या साहाय्यानें गुरुत्वत्वरण काढणें. दोऱ्याला धातूचा गोळा टांगावयाचा, त्याच्या वीस दोलनांना लागणारा वेळ मोजावयाचा, आणि दोऱ्याची लांबी व हा वेळ यांवरून पृथ्वी वस्तूंना किती त्वरणानें खालीं ओढते तें काढावयाचें. पुस्तकांतील उत्तर ९.८. या मुलाचें उत्तर ९.५ आलें होतें. तास संपत आला होता, वहीवर सही घेण्यासाठीं मुलांची रांग लागली होती. आम्हीं वही परत दिली आणि म्हटलें, "अरे, नऊ पूर्णांक आठ यायला पाहिजे. आंकडे नीट करून आण." 'आंकडे नीट करणें' याचा अर्थ आमच्याकडील विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला न सांगतां समजतो. दहा मिनिटांत वही परत आली. वीस दोलनांचा वेळ प्रत्येक ओळींत थोडा थोडा घटला होता, उत्तर ९.८ झालें होतें, आणि आम्हीं त्याखालीं सही केली.

एवढ्यावरच हें थांबतें तर घाईचा दोष म्हणून तें विसरतां आलें असतें. दुसऱ्या दिवशीं सामान कपाटांत ठेवतांना त्या मुलाचा लंबक आमच्या हातीं आला. त्यानें ५० सेंटिमीटर लांबी मोजली होती ती दोरा जेथें संपतो तेथपर्यंत. वास्तविक लांबी धरावयाची ती गोळ्याच्या मध्यापर्यंत. गोळ्याची त्रिज्या १.१ आणि वरची आंकडी ०.५, म्हणजे १.६ सेंटिमीटर त्यानें हिशेबांतून वगळले होते. ते मिळवून गणित केलें तों उत्तर बरोबर ९.८! त्या मुलानें वेळ अत्यंत काळजीपूर्वक मोजला होता. त्याच्या आंकड्यांत जे खरे होते तेच आम्हीं त्याच्याकडून खोडविले, आणि जो चुकला होता तो तसाच ठेवविला. आणि हें कळल्यावरहि आम्हीं त्याला बोलावून सांगितलें नाहीं. वहीवर सही झाली होती.

त्या मुलाचें ९.५ चूक होतें यांत शंका नाहीं. परंतु आपल्या चुकीचें कारण तें पोटांत घेऊन आलें होतें, आणि त्याच्या मागोमाग एक सुंदर प्रश्न दाराशीं उभा होता: लंबकाची लांबी कोठें संपते? दोऱ्याशीं कीं गोळ्याशीं, गोळ्याच्या वर कीं खालीं कीं मध्यावर, आणि मध्यावरच कां? सोळा-सतरा वर्षांच्या बुद्धीला एक संध्याकाळ पुरेल असा तो प्रश्न होता. आम्हीं दार लावून घेतलें. गोडी लागण्याचा क्षण जर कोणता असेल तर तो हा होता, असें आतां वाटतें.

या ठिकाणीं इतिहासांतील एक गोष्ट आठवते. १६७२ सालीं झां रिशे नांवाचा फ्रेंच ज्योतिषी आकाशांतील वेध घेण्यासाठीं दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील कायेन या गांवीं गेला. तें विषुववृत्ताच्या बरेंच जवळ आहे. पॅरिसमध्यें बिनचूक चालणारें त्याचें लंबकाचें घड्याळ तेथें दिवसाला सुमारें अडीच मिनिटें मागें पडूं लागलें. घड्याळ बिघडलें असें म्हणून पॅरिसचा आंकडा वहींत लिहिणें त्याला सोपें होतें. त्यानें तसें न करितां लंबक किती आंखूड केला म्हणजे घड्याळ नीट चालतें तें मोजलें व नोंदून ठेवलें. पुढें न्यूटननें १६८७ च्या आपल्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथांत अशा नोंदींचा आधार घेतला. पृथ्वी विषुववृत्तापाशीं फुगीर असून तेथें गुरुत्वाकर्षण किंचित् कमी आहे, हा सिद्धांत त्यांतून बळकट झाला. आज आपण जाणतों कीं, तें त्वरण विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ आहे. रिशे आमच्या प्रयोगशाळेंत असता, तर आम्हीं त्यालाहि आंकडे नीट करावयास सांगितलें असतें.

आतां मुलांना विज्ञान रंजक करून देण्याचे जे उपाय आज चोहोंकडे चालू आहेत, त्यांकडे या दृष्टीनें पाहूं. १९२८ सालच्या २८ फेब्रुवारीला रामन् यांनीं लावलेल्या शोधाच्या स्मरणार्थ १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो, आणि त्या सुमारास शाळाशाळांतून प्रदर्शनें भरतात. मातीचा ज्वालामुखी उभा राहतो, त्यांत खाण्याचा सोडा व व्हिनेगर पडतें, लाल फेस उसळतो आणि टाळ्या होतात. पुष्कळ प्रतिकृति वडिलांनीं रात्रीं जागून केलेल्या असतात. कांहीं बाजारांतून तयार आणलेल्या असतात. मूल शेजारीं उभें राहून पाठ केलेली माहिती म्हणून दाखवितें. आम्ही या समारंभांचे शत्रु नाहीं. फेस पाहून मुलांचे डोळे मोठे होतात, ही कांहीं वाईट गोष्ट नव्हे. परंतु फेस ओसरल्यावर सोडा दुप्पट घातला तर काय होईल, व्हिनेगरऐवजीं लिंबाचा रस चालेल का, हें विचारण्याची आणि करून पाहण्याची मुलाला मोकळीक असते का? नसेल, तर त्यानें विज्ञान पाहिलें नाहीं. जादूचा खेळ पाहिला.

दाखविणेंच सर्वस्वीं वाईट असतें असें मात्र कोणी समजूं नये. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंत १८२५ पासून नाताळच्या सुट्टींत बालश्रोत्यांसाठीं व्याख्यानें होत आलीं आहेत. लोहाराचा मुलगा आणि पुस्तकें बांधण्याच्या दुकानांत उमेदवारी केलेला मायकेल फॅरडे यानें त्यांतील एकोणीस व्याख्यानमाला स्वतः गुंफल्या. १८६०-६१ च्या हिवाळ्यांत, म्हणजे साऱ्या युरोपांत कीर्ति पसरल्यावर, त्यानें विषय निवडला तो साधी मेणबत्ती. ज्योतीला मेण कसें पोंचतें? वातींतून वर चढतें. मग जळतें तें काय, मेण कीं मेणाची वाफ? मेणबत्ती हलकेंच विझवा, वातींतून वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेघेला जळती काडी दुरून लावा; ज्योत त्या रेघेवरून खालीं उडी घेऊन वात पुन्हां पेटविते. जळणारी वस्तु वाफ आहे, याचा पुरावा डोळ्यांपुढें. फॅरडेचें थोरपण आमच्या मतें यांत आहे कीं, त्याच्या श्रोत्यांपैकीं कोणतेंहि मूल घरीं जाऊन तोच प्रयोग करूं शकत होतें, आणि त्याचें म्हणणें खोटें असल्यास पकडूंहि शकत होतें. जो प्रयोग मुलाला घरीं नेतां येत नाहीं, तो कितीहि झगझगीत असला तरी दुसऱ्याच्या मालकीचा राहतो.

याहून पुढचें पाऊल आपल्याच देशांत पडलें. १९७२ सालीं मध्य प्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत, रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनीं सोळा माध्यमिक शाळांतून विज्ञान शिकविण्याची एक निराळी पद्धति सुरू केली. 'बाल वैज्ञानिक' या तिच्या पुस्तकांत प्रयोग होते आणि प्रश्न होते, उत्तरें नव्हतीं. चार-चार मुलांच्या टोळ्या स्वतः प्रयोग करीत, जें दिसे तें लिहीत, आणि मग वर्गांत वाद होई. परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती, कारण उत्तर पुस्तकांत सांपडण्यासारखें नव्हतेंच. मुलांच्या शंकांची पत्रें 'सवालीराम' या कल्पित व्यक्तीच्या नांवें येत आणि त्यांना उत्तरें जात. १९७८ मध्यें ही पद्धति साऱ्या जिल्ह्यांत पसरली, १९८२ पासून 'एकलव्य' या संस्थेनें तिचा भार उचलला, आणि पुढें ती इतर जिल्ह्यांतहि गेली. मुलांना माहिती कमी मिळते आणि पुढच्या वर्गांत तीं मागें पडतात, असा आक्षेप तिच्यावर घेतला जाई. २००२ सालीं राज्य सरकारनें ती बंद केली.

याच कामांत १९७८ सालीं पुण्याच्या टेल्को कारखान्यांतून रजा घेऊन एक तरुण इंजिनियर दाखल झाले, ते अरविंद गुप्ता. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्यांनीं बनविलेल्या आकृति आतां देशभर माहीत आहेत. नळीचे तुकडे सांध्यांना आणि काड्या बाजूंना. तीन काड्यांचा त्रिकोण करा. कसाहि दाबा, तो आकार सोडीत नाहीं. चार काड्यांचा चौकोन करा; बोट लावतांच तो कलंडतो. त्या चौकोनांत तिरपी पांचवी काडी घाला, तो ताठ होतो. एवढें ज्याच्या बोटांना समजलें, त्या मुलाला रेल्वेच्या लोखंडी पुलांत आणि पत्र्याच्या छपराखालच्या कैचींत जिकडे तिकडे त्रिकोण कां, हें सांगावें लागत नाहीं. तें स्वतःच दुसऱ्या दिवशीं येऊन आपल्याला सांगतें. इंजिनियरिंगचा हा पहिला धडा आहे, आणि त्याला लागणारा खर्च चार आण्यांच्या हिशेबांत बसेल.

यावरून आम्ही पैशाची निंदा करतों असें नाहीं. २०१६ पासून केंद्र सरकारच्या योजनेनें देशांतील हजारों शाळांतून अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या. प्रत्येकीस वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतें. जेथें मनासारखे शिक्षक आहेत तेथें मुलें त्यांत रमलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. परंतु एका शाळेंत तींच यंत्रें कांचेच्या कपाटांत कुलूप घालून ठेवलेलीं आम्हीं पाहिलीं. चौकशी केली तेव्हां उत्तर मिळालें, "मुलें मोडतात." मोडणारच. जें मोडण्याची परवानगी नाहीं तें समजण्याचीहि परवानगी नसते. त्या कुलपाची आणि आमच्या 'आंकडे नीट कर' या आज्ञेची जात एकच होय.

येथें विचारी वाचक तीन आक्षेप घेतील, आणि ते घेण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, सर्व कांहीं आनंदानेंच शिकावें असा हट्ट धरल्यास मुलें कष्टाला कंटाळतील; विज्ञानांत पाढे आहेत, सूत्रें आहेत, एकच मोजमाप दहा वेळां घेणें आहे. हें खरें आहे. किंबहुना जो केवळ मजेचा भुकेला आहे त्याला प्रयोगशाळेइतकी नीरस जागा दुसरी नाहीं. परंतु ज्या मुलाला प्रश्न स्वतःचा वाटतो तें मूल वीस दोलनें दहा वेळां मोजतें आणि दमल्याचें बोलत नाहीं. क्रिकेटची धांवसंख्या पाठ करतांना कोणत्या मुलाला कष्ट झालेले आपण पाहिले आहेत? गोडी म्हणजे कष्टांपासून सुटका नव्हे. कष्ट सोसण्याचें कारण होय.

दुसरा आक्षेप वेळेचा. वर्गांत साठ मुलें, चाळीस मिनिटांचा तास, आणि वर्षाच्या शेवटीं परीक्षा; शिक्षकानें प्रत्येकाच्या ९.५ चें कुळ शोधीत बसावें कसें? याला आमच्याजवळ पुरतें उत्तर नाहीं. आम्ही स्वतः ज्या रांगेपुढें हरलों, तिच्यापुढें दुसऱ्यानें जिंकावें असें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, प्रत्येक वेळीं कारण शोधणें शक्य नसलें, तरी खरा आंकडा खोडूं नये, हें नेहमींच शक्य आहे. "तुझें ९.५ आलें, पुस्तकांत ९.८ आहे, कां तें मला आतां पाहतां येत नाहीं," एवढें लिहावयास अर्धें मिनिट लागतें.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. मनुष्यजातीला जें शोधण्यास दोन हजार वर्षें लागलीं तें मुलानें एका दुपारीं शोधून काढावें, ही अपेक्षा वेडेपणाची नव्हे काय? अर्थात् आहे. अणूंची रचना, ताऱ्यांचीं अंतरें, रोगजंतूंचे प्रकार हें बहुतेक सर्व आपणहि ऐकूनच मानतों. सांगावें लागतें तें अवश्य सांगावें. मात्र सांगितलेलें तें सांगितलेलें म्हणून द्यावें, आणि पाहिलेलें तें पाहिलेलें म्हणून. आपल्या ज्ञानांत स्वतः तपासलेलें किती आणि विश्वासानें घेतलेलें किती, याचा हिशेब ज्याला ठेवतां येतो तो मनुष्य पुढें अफवेला, भोंदूला आणि भपकेबाज जाहिरातीला सहसा फसत नाहीं. हा हिशेब शिकविण्यास प्रयोगशाळेसारखी दुसरी जागा नाहीं. आणि तेथेंच जर आपण उसना आंकडा स्वतःचा म्हणून लिहावयास लावला, तर पदार्थविज्ञानाच्या नांवाखालीं आपण मुलाला खोटी साक्ष शिकविली असें होतें.

म्हणून मुलांना विज्ञान रंजक कसें वाटेल, हा प्रश्न आम्हांस मुळांत मोठ्यांच्या नीतीचा प्रश्न वाटतो. मुलाचें कुतूहल उपजतच असतें. तें टिकण्यासाठीं मोठ्यांना कांहीं सोडावें लागतें. वस्तु मोडेल ही भीति सोडावी लागते, उत्तर आधीं सांगण्याचा मोह सोडावा लागतो, आणि सर्वांत कठीण म्हणजे 'मला माहीत नाहीं' असें मुलासमोर म्हणण्याची लाज सोडावी लागते. पुण्याच्या आयुका या संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर हे २०२५ सालीं निवर्तले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत कीं, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून धाडा, उत्तराखालीं स्वाक्षरी मिळेल. सही देण्याचा हा एक प्रकार. आम्हीं त्या दिवशीं प्रयोगवहीवर दिली तो दुसरा.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्हीं दुसऱ्या दिवशीं दूरध्वनि केला. सांगितलें कीं, दोन्ही वर्ग तूर्त राहूं द्यावेत. एक मीटर दोऱ्याला दगड बांधून खिडकीशीं टांगावा आणि वीस झोक्यांना किती वेळ लागतो तें मुलीला मोजूं द्यावें. एका मीटरच्या लंबकाला एका झोक्यास सुमारें दोन सेकंद लागतात, तेव्हां चाळीसच्या आसपास येईल. पण तें तिला सांगूं नये, जें येईल तें लिहूं द्यावें. आणि मग पंचवीस वर्षांपूर्वींची ती गोष्ट सांगून त्यांची क्षमा मागितली. ते मोकळेपणानें हंसले आणि म्हणाले, "अहो सर, त्यांत काय? तें तर सगळेच करायचे!" क्षमा मिळाली, परंतु कशाबद्दल ती मागितली तें त्यांना कळलें नाहीं, आणि तें न कळणें हेंहि आमच्याच शिकवणुकीचें फळ होतें.

आठ दिवसांनीं त्यांनीं मुलीच्या वहींतील एका पानाचें छायाचित्र पाठविलें. वर तिच्या अक्षरांत: दोरा १ मीटर, झोके २०, वेळ ४१ सेकंद. त्या ४१ वर एक आडवी रेघ, आणि शेजारीं वळणदार प्रौढ अक्षरांत ४०. हस्ताक्षर आमच्या विद्यार्थ्यांचें होतें, तरी आम्हांस तें आपलेंच वाटलें. त्याखालीं पेन्सिलीनें, बारीक अक्षरांत, मुलीनें लिहिलें होतें: "पण माझे ४१ आले. तीनदा मोजले."

आम्हीं उलट उत्तर धाडलें कीं, तुमचें ४० खोडा. दोरा कोठून कोठपर्यंत मोजलास एवढेंच तिला विचारा, आणि मग आपण गप्प राहा. पुढें काय झालें तें अद्याप आम्हांस समजलेलें नाहीं, आणि त्याची घाईहि नाहीं. त्या पानावर कोणी आमची सही मागितली असती, तर ती आम्हीं ४१ च्या खालीं केली असती.